गरोदरपणात दातांची काळजी: दिवस राहिल्यापासून बाळाच्या पहिल्या दातापर्यंत

‘आता नको गं, एकदा मोकळी हो, मग बघू दाताचं.’ गरोदर बाईची दाढ दुखायला लागली की घरातलं कुणीतरी हे म्हणतंच. म्हणणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण पुण्यात दातांचा दवाखाना चालवताना या वाक्याचा परिणाम मी वारंवार पाहते. चौथ्या महिन्यात जी कीड अर्ध्या तासात भरून झाली असती, तीच आठव्या महिन्यात गाल सुजवून येते. तेव्हा बाईला खुर्चीत फार वेळ टेकवत नाही, रात्रीची झोप आधीच उडालेली असते आणि देता येतील अशी औषधंही मोजकीच असतात.

म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. गरोदरपणात दात साफ करून घेता येतात, कीड भरता येते, रूट कॅनाल करता येतं, वेळ आली तर दाढही काढता येते. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच हे लेखी सांगितलं आहे आणि दंतवैद्यकातही आज हेच शिकवलं जातं. कोणतं काम कधी करायचं आणि कोणती औषधं चालतात, एवढं माहीत असलं की घाबरण्याचं कारण उरत नाही. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांची जागा हा लेख घेऊ शकत नाही. त्यांच्याशी आणि डेंटिस्टशी काय बोलायचं, काय विचारायचं, ते मात्र यातून कळेल.

## तोंडात काय बदलतं

दिवस राहिल्यावर शरीरात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं वाढतात. त्यामुळे हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि दातांवर साचणाऱ्या चिकट थराला हिरड्या नेहमीपेक्षा जास्त चिडून उत्तर देतात. दुसऱ्या महिन्याच्या सुमाराला हिरड्या लालसर, फुगीर दिसू लागतात, आठव्या महिन्याच्या आसपास हा त्रास सर्वांत जास्त असतो आणि बाळंतपणानंतर हळूहळू ओसरतो. खूप बायकांना हे होतं. ब्रश केला की बेसिनमध्ये रक्त दिसतं, मग भीतीने ब्रश करणंच कमी होतं, थर आणखी साचतो आणि रक्त आणखी येतं. रक्त येतंय म्हणजे तिथे सफाईची गरज आहे, असं समजा. मऊ ब्रशने, जोर न लावता, पण रोज दोनदा घासत राहा.

काही जणींच्या दोन दातांमध्ये, बहुतेकदा वरच्या पुढच्या दातांजवळ, लाल मऊ गाठ येते. जरा धक्का लागला की तिच्यातून रक्त येतं. आरशात ती पाहून बाई हादरून जाते, कारण मनात पहिला विचार कॅन्सरचा येतो. ही गरोदरपणातली गाठ कॅन्सर नसते. बहुतेक वेळा बाळंतपणानंतर ती आपोआप आकसते. खाताना फार आड येत असेल किंवा रक्त थांबत नसेल तरच ती आधी काढतात, कारण गरोदरपणात काढलेली गाठ पुन्हा येऊ शकते. डेंटिस्टला एकदा दाखवून मात्र घ्या, खात्री होते.

दात किंचित हलल्यासारखे वाटणं हेही अनेकींना जाणवतं. तेही बहुतेक वेळा तात्पुरतंच असतं.

आता कॅल्शियमचं. ‘बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, म्हणून एकेका बाळंतपणात एकेक दात जातो’ हे आपल्याकडे इतक्या खात्रीने सांगितलं जातं की बायका दात किडणं नशिबाचा भाग मानतात. दातांतलं कॅल्शियम असं बाहेर निघत नाही. आहारातून कमी पडलं तर बाळाची गरज आईच्या हाडांतून भागते, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. पण दात किडतात ते उलट्यांमुळे, सारखं थोडं थोडं खाण्यामुळे आणि ब्रश टाळल्यामुळे. या तिन्हींवर उपाय आपल्या हातात आहेत.

हिरड्यांचा जुना आजार आणि वेळेआधी होणारी प्रसूती यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. पण ‘दात साफ केले नाहीत तर बाळ लवकर होईल’ अशी भीती कुणी घातली तर ती मनात धरू नका. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ८२३ गरोदर स्त्रिया होत्या. त्यांतल्या निम्म्या जणींच्या हिरड्यांवर गरोदरपणातच उपचार केले. उपचार सुरक्षित ठरले आणि हिरड्या सुधारल्या, पण वेळेआधी प्रसूतीचं प्रमाण त्याने कमी झालं नाही. हिरड्यांचे उपचार स्वतःसाठी करा, नीट खाता यावं म्हणून करा. ते कारण पुरेसं आहे.

## पहिले तीन महिने: उलट्या आणि ब्रश

या काळात सर्वांत जास्त नुकसान उलटीतल्या आम्लाने होतं. जठरातलं आम्ल दातांवरून गेलं की वरचं कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, काही वेळ मऊ पडतं. उलटी झाल्या झाल्या तोंड स्वच्छ करावंसं वाटतं आणि लगेच ब्रश हातात घेतला जातो. तसं केलं तर मऊ पडलेलं आवरण घासून निघतं. उलटीनंतर हे करा:

कपभर पाण्यात एक छोटा चमचा खाण्याचा सोडा विरघळवा. त्याने चूळ भरा, तोंडात सगळीकडे फिरवा आणि थुंकून टाका, गिळू नका. सोडा हाताशी नसेल तर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. ब्रश अर्ध्या ते एक तासाने. ऑफिसला जाणाऱ्यांनी सोड्याची छोटी पुडी पर्समध्ये ठेवावी. हिंजवडीच्या बसमध्ये किंवा कॅबमध्ये तास-दीड तास अडकल्यावर ती फार उपयोगी पडते.

ब्रश तोंडात घातला की ओकारी येते, ही तक्रार मी रोज ऐकते. लहान मुलांचा छोट्या डोक्याचा ब्रश वापरा. पेस्ट वाटाण्याएवढीच घ्या, आणि तिचा वास सहन होत नसेल तर सौम्य चवीची, कमी फेसाची पेस्ट घ्या. पेस्टमध्ये फ्लोराइड मात्र असू द्या, पाकिटावर १००० पीपीएम किंवा जास्त लिहिलेलं बघून घ्या. मान थोडी पुढे झुकवा, नाकाने श्वास चालू ठेवा, दाढा घासताना श्वास हळूहळू सोडत राहा. सकाळी जमतच नसेल तर सकाळी नुसत्या चुळा भरा आणि दुपारी, संध्याकाळी, पोट शांत असेल तेव्हा नीट घासा. सकाळी उठून जिभली लावून जोरजोराने खाकरायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. या तीन महिन्यांत तिला सुट्टी द्या. जीभ संध्याकाळी ब्रशनेच हलकी पुसली तरी चालते. रात्री झोपण्याआधीचा ब्रश तेवढा चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि कीड वाढायला मोकळं रान मिळतं. ब्रश झाल्यावर पेस्ट थुंकून टाका, लगेच पाण्याने फार चुळा भरू नका. फ्लोराइडला दातावर थोडा वेळ राहू द्या.

मळमळ थांबावी म्हणून अंथरुणातच खारी, टोस्ट किंवा बिस्किट खायला सांगतात. त्याने पोटाला बरं वाटतं, पण मैद्याचा लगदा दाढांच्या खाचांत तासन्‌तास बसून राहतो. खा, वर दोन घोट पाणी प्या आणि चूळ भरा. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, चीजचा तुकडा मानवत असेल तर दातांच्या दृष्टीने ते जास्त बरं. चिंच, कैरी, आवळा, लिंबू यांचे डोहाळे लागतातच आणि कुणाच्या डोहाळ्यांना नाही म्हणायची माझी इच्छा नाही. जेवणाबरोबर खा, दिवसभर चघळत बसू नका, नंतर चूळ भरा. गोड चहाचंही तेच. अमृततुल्यमधला एक कप एकदम पिऊन संपवला तर दातांना कमी त्रास. तोच चहा थर्मासमध्ये भरून घोट घोट तीन तास पुरवला, तर तीन तास दातांवर साखर.

लोहाच्या गोळीने मळमळ वाढत असेल तर ती रात्री घेता येईल का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. लोहाचं औषध पातळ असेल तर दात काळसर दिसू शकतात. ते स्ट्रॉने घ्या आणि वर पाणी प्या. तो डाग वरवरचा असतो, सफाईत निघतो.

## डेंटिस्टकडे पहिली फेरी

पाळी चुकल्याचं कळलं आणि हॉस्पिटलमध्ये नाव नोंदवलं की त्याच आठवड्या-दोन आठवड्यांत डेंटिस्टची वेळ घ्या. दुखत नसलं तरी घ्या. मूल होऊ देण्याचा विचार चालू असतानाच दात तपासून घेतले तर त्याहून चांगलं. विशेषतः अक्कलदाढ अधूनमधून सुजत असेल तर तिचा निकाल दिवस राहण्याआधीच लावावा.

जाताना फाइल न्या: सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्ताचे रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी, सरकारी दवाखान्यात नाव असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड. ‘सगळं नॉर्मल आहे’ एवढं तोंडी सांगणं पुरत नाही. या गोष्टी न विचारताही सांगा: कितवा आठवडा, आधी गर्भपात झाला आहे का, या वेळी मध्येच रक्तस्राव झाला का, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आहे का, वार खाली आहे का, बीपी किंवा शुगर वाढली आहे का, थायरॉइडची गोळी चालू आहे का. आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे रक्त पातळ करणारी औषधं. बीपी वाढू नये म्हणून आजकाल अनेकींना रात्री कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. टेस्ट ट्यूब उपचारांनंतर किंवा आधीच्या गर्भपातांमुळे काही जणी पोटावर हेपारिनची इंजेक्शनं घेत असतात. ‘ती छोटी गोळी’ म्हणून सांगायचं राहून जातं आणि दाढ काढल्यावर रक्त थांबेना झालं की सगळ्यांची धावपळ होते. ही औषधं स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा.

पुण्यात एक गोष्ट फार होते. डेंटिस्ट म्हणतात ‘गायनॅककडून चिठ्ठी आणा’, गायनॅक म्हणतात ‘आता कशाला, नंतर करा’, आणि बाई दोन दवाखान्यांच्या मध्ये दाढ धरून फिरत राहते. साधी सफाई, साधं दात भरणं यासाठी निरोगी गरोदर बाईला खरं तर परवानगीची चिठ्ठी लागत नाही. वर सांगितलेल्यांपैकी काही अडचण असेल, किंवा दाढ काढायची असेल, तर विचारायला हवंच. तेव्हा ‘ट्रीटमेंट चालेल का’ असा मोघम प्रश्न नेऊ नका. डेंटिस्टकडून कागदावर लिहून घ्या: कोणता दात, काय करायचं आहे, कोणती भूल, कोणती वेदनाशामक, कोणती अँटिबायोटिक. नेमका प्रश्न गेला की उत्तरही नेमकं येतं.

## चौथा ते सहावा महिना: कामं उरका

साधारण १४ ते २० आठवडे हा दातांच्या कामाला सर्वांत सोयीचा काळ. बाळाचे अवयव घडून झालेले असतात, उलट्या कमी झालेल्या असतात आणि पोट अजून फार मोठं नसतं. आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत अजून खूप घरांत आहे. सातव्यात डोहाळजेवण झालं की मुलगी साताऱ्याला, लातूरला, नाशिकला जाते. तिथे ओळखीचा डेंटिस्ट नसतो, अर्धवट राहिलेलं रूट कॅनाल पुण्यातल्या क्लिनिकमध्ये अडकलेलं असतं आणि तात्पुरतं घातलेलं सिमेंट नेमकं तेव्हाच निघतं. त्यामुळे माहेरी जायची तारीख डेंटिस्टला पहिल्याच भेटीत सांगा आणि कामाची आखणी त्याआधी पुरी होईल अशी करायला लावा. जमलं तर कॅपसुद्धा बसवून घ्या.

या काळात करून घ्यायचं ते असं: हिरड्यांची सफाई, किडलेले दात भरणं, ज्या दाढेची कीड खोल गेली आहे तिचं रूट कॅनाल, जिला वाचवता येत नाही ती काढणं. भरण्यासाठी दाताच्या रंगाचं सिमेंट किंवा कॉम्पोझिट सांगा. जुनं चांदीचं भरलेलं ठीक असेल तर त्याला हात लावू नका. पारा असलेलं नवं फिलिंग घालणं आणि जुनं उकरणं, दोन्ही या दिवसांत टाळतात. दात पांढरे करणं, नव्या तारा लावायला सुरुवात, इम्प्लांट, दुखत नसलेली अक्कलदाढ काढणं, हे सगळं खुशाल पुढे ढकला.

हा काळ सोयीचा, एवढंच. सूज, पू, ठणका असेल तर दुसरा महिना असो की नववा, उपचार त्याच दिवशी. जंतुसंसर्ग अंगावर काढण्यात आईला आणि बाळाला जो धोका आहे, तो दाताच्या उपचारापेक्षा कितीतरी मोठा.

## एक्स-रे, भूल आणि औषधं

एक्स-रे म्हटलं की चेहरा पडतो. एका दाताच्या छोट्या एक्स-रेत मिळणारा किरणोत्सर्ग साधारण तेवढाच असतो जेवढा आपल्याला एका दिवसात जमिनीतून, आकाशातून, अन्नातून मिळतच असतो. शिवाय झोत जबड्याकडे रोखलेला असतो, पोटाकडे नाही. लेड ॲप्रन आणि गळ्याची कॉलर मागा, अंगावर असली की मनाला स्वस्थता मिळते. निदानासाठी हवा असेल तर तो काढू द्या. अंदाजाने चुकीची दाढ उघडली जाणं जास्त वाईट. नुसत्या नियमित तपासणीसाठी एक्स-रे किंवा संपूर्ण जबड्याचा मोठा एक्स-रे सुचवला, तर ‘हा आत्ताच लागणार आहे का?’ हे जरूर विचारा.

भुलेचं इंजेक्शन, म्हणजे लिग्नोकेन, ॲड्रेनलिनसह किंवा त्याशिवाय, गरोदरपणात वापरता येतं. मात्रा कमी असते, ते हळूहळू दिलं जातं. भूल न घेता दात काढून घेण्याचा शूरपणा नको. वेदनेने आणि ताणाने अंगात जे ॲड्रेनलिन उसळतं ते इंजेक्शनातल्यापेक्षा जास्त असू शकतं.

वेदनाशामक गोळ्यांचा भाग दोनदा वाचा, घरातल्यांनाही वाचायला द्या. गरोदरपणात दाढदुखीवर पहिली गोळी पॅरासिटामॉल. क्रोसिन, डोलो ही तिचीच नावं. ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, लागल्यास सहा तासांनी पुन्हा, तीही एक-दोन दिवसांपुरती आणि तुमच्या डॉक्टरांना सांगून.

आपल्याकडे दाढ दुखली की मेडिकलमधून कॉम्बिफ्लॅम, केटोरॉल किंवा झेरोडॉल आणायची सवय आहे. त्यांत अनुक्रमे आयब्युप्रोफेन, केटोरोलॅक आणि ॲसिक्लोफेनॅक असतं. ही औषधं गरोदरपणात स्वतःहून घ्यायची नाहीत. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २० आठवड्यांनंतर या गटातली औषधं टाळण्याचा इशारा दिला, कारण बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या तीन महिन्यांत तर बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची रक्तवाहिनी जन्माआधीच आकसण्याचा धोका असतो. डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड यांनाही हेच लागू.

अँटिबायोटिकमध्ये अमॉक्सिसिलिन आणि सेफॅलेक्सिन ही नेहमीची, चालणारी औषधं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर क्लिंडामायसिन. मेट्रोनिडाझोल कधीकधी जोडीला लागतं, पण ते डॉक्टरांनी ठरवून द्यावं. डॉक्सिसायक्लिन आणि टेट्रासायक्लिन नको. बाळाचे दुधाचे दात चौथ्या महिन्याच्या सुमारास पोटातच कठीण व्हायला लागतात, आणि हे औषध त्यांत बसून कायमचे डाग पाडतं. दाढदुखीवर दुकानातून सहज मिळणारी ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळीही टाळायची. आणि मुळात अँटिबायोटिक म्हणजे उपचार नव्हे. दाढेत पू असेल तर तो बाहेर काढावाच लागतो. नुसत्या गोळ्यांनी चार दिवस गप्प बसलेली दाढ पुन्हा उठते.

हिरड्यांसाठी क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश चालतं. अल्कोहोल नसलेलं घ्या, दोन आठवड्यांपेक्षा जास्त सलग नको, दातांवर तपकिरी डाग पडतात. पेला भर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ हा उपाय स्वस्त आहे आणि खरोखर चांगला आहे.

## रात्री दाढ ठणकायला लागली तर

आधी त्या दाढेच्या आसपास अडकलेलं अन्न दोऱ्याने, म्हणजे फ्लॉसने, काढा. टाचणी किंवा सेफ्टी पिन घालू नका. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरा. बाहेरून गालावर रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा. सूज असेल तर गरम शेक देऊ नका. पॅरासिटामॉल घ्या. डोकं उंच ठेवून डाव्या कुशीवर झोपा. लवंग दाढेखाली धरली तर चालेल, पण लवंगेच्या तेलाचा भिजलेला बोळा हिरडीवर ठेवू नका, हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी दाढेत ठेवण्यानेही तसंच भाजतं.

सकाळी डेंटिस्ट. पण पुढीलपैकी काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रात्रीच मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात जा: गालाची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरतेय, जिभेखाली सूज आली आहे, तोंड उघडत नाही, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होतोय, थंडी वाजून ताप आलाय, बाळाची हालचाल कमी वाटतेय. जबड्याखाली पसरलेला जंतुसंसर्ग काही तासांत श्वास कोंडू शकतो. जाताना फाइल न्या आणि प्रसूतीसाठी जिथे नाव आहे तिथेही फोन करा.

## मिश्री

पुणे जिल्ह्यात, शहराच्या जुन्या वस्त्यांत आणि आजूबाजूच्या तालुक्यांत, मिश्री लावणाऱ्या बायका अजून खूप आहेत. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते’ असं मला सांगितलं जातं. मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेला, कुटलेला तंबाखूच. हिरड्यांतून निकोटिन थेट रक्तात जातं, तिथून वारेतून बाळाकडे. तंबाखू कोणत्याही रूपात असला तरी बाळाचं वजन कमी राहतं आणि इतरही धोके वाढतात. तपकीर दातांना लावणंही त्यातच आलं. काही जणी मळमळ थांबते, पोट साफ होतं म्हणून गरोदरपणात मिश्रीचं प्रमाण वाढवतात, हे मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं.

सोडायची तर ओरडून सुटत नाही. दिवसातून किती वेळा लावता ते आधी मोजा. सकाळच्या वेळेला ब्रश-पेस्ट ठेवा, जेवणानंतरच्या वेळेला ओवा-बडीशेप ठेवा. डबी घरात ठेवूच नका. सासूबाई आणि जावा लावत असतील तर त्यांच्याशी मोकळेपणाने बोला, पोटातल्या नातवंडासाठी त्याही बरोबर सोडायला तयार होतात असा माझा अनुभव आहे. फारच तलफ येत असेल तर डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा.

## सातव्यापासून नवव्यापर्यंत

अपॉइंटमेंट लहान ठेवा आणि सकाळची घ्या. घरून खाऊन निघा, क्लिनिकमध्ये शिरल्यावर आधी बाथरूमला जाऊन या. काम सुरू करण्याआधी बीपी तपासायला सांगा. १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर साधं काम थांबवून स्त्रीरोगतज्ज्ञांना लगेच फोन लावायचा.

खुर्ची पूर्ण आडवी करू देऊ नका. उताणं झोपल्यावर वाढलेली गर्भपिशवी पाठीमागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाबते, रक्त हृदयाकडे कमी येतं आणि गरगरतं, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. उजव्या कमरेखाली छोटी उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल ठेवायला सांगा, म्हणजे शरीर डावीकडे थोडं कलतं. तरीही तसं वाटलं तर हात वर करा आणि सरळ डाव्या कुशीवर वळा, दोन-चार मिनिटांत बरं वाटतं.

गरोदरपणातली शुगर निघाली असेल तर हिरड्यांकडे दुप्पट लक्ष द्या. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांत जंतुसंसर्ग राहिला की शुगर आटोक्यात यायला वेळ लागतो.

## पुण्यात कुठे जायचं

ओळखीचा, जवळचा डेंटिस्ट असेल तर तोच सर्वांत चांगला. या दिवसांत खड्ड्यांतून लांबचा प्रवास टाळता येईल तितका बरा. खर्चाची अडचण असेल तर शहरात पर्याय आहेत. ससून रुग्णालयात दंतविभाग आहे. धनकवडीला भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे आणि त्याच आवारात त्यांचं मोठं हॉस्पिटलही, त्यामुळे प्रसूतीसाठी तिथे नाव असेल तर तपासणी आणि दात एकाच फेरीत होऊ शकतात. कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला दंत महाविद्यालय, वडगाव बुद्रुकला सिंहगडचं, पिंपरीत डी. वाय. पाटील. दंत महाविद्यालयात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. काम काळजीपूर्वक होतं, पैसे कमी लागतात, पण वेळ जास्त जातो. म्हणून तिथे पाचव्या महिन्यात जावं, नवव्यात ते लांबलचक बसणं झेपत नाही. केसपेपर काढतानाच खिडकीवर गरोदर असल्याचं सांगा.

महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात नाव असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. त्या दिवशी डॉक्टरांना स्वतःहून तोंड दाखवा आणि गरज असेल तर दंतविभागाची चिठ्ठी लिहून घ्या. आशाताईंनाही सांगून ठेवा.

## बाळंतीण झाल्यावर

काही घरांत बाळंतिणीला सुरुवातीचे दिवस ब्रश करू देत नाहीत, दात ‘ओले’ असतात, पुढे हलतात म्हणून. दात हलतात ते साचलेल्या घाणीने. पहिल्या दिवसापासून मऊ ब्रश आणि कोमट पाणी. डोक्याला रुमाल बांधायचा असेल तर खुशाल बांधा. डिंकाचे, अळिवाचे लाडू, शिरा, खीर, तूप-गूळ हे सगळं खायचंच आहे. जेवणाच्या वेळेला खा, नंतर चूळ भरा. रात्री दोन वाजता बाळाला पाजताना हाताशी बिस्किटाचा पुडा ठेवण्याऐवजी भिजवलेले बदाम आणि पाणी ठेवा.

अंगावर पाजत असताना भूल, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन आणि अमॉक्सिसिलिन चालतात. दाताच्या इंजेक्शननंतर दूध काढून टाकण्याची गरज नाही. कोडीन आणि ट्रामाडॉल मात्र नको. पुढे ढकललेली कामं तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उरका. बाळाला पाजून निघायचं, बरोबर आजीला न्यायचं, म्हणजे तासभर शांतपणे बसता येतं.

दात किडवणारे जंतू लाळेतून आईकडून, आजीकडून बाळाकडे जातात. चमचा आपल्या तोंडात घालून घास तपासू नका, चोखणी तोंडाने साफ करून देऊ नका. बोटाला मध लावून चाटवू नका, वर्षाच्या आत मध देऊच नये. दात येण्याआधीही ओल्या मऊ फडक्याने दिवसातून एकदा हिरड्या पुसा, बाळाला तोंडात काही फिरण्याची सवय होते. बाटली लागत असेल तर ती तोंडात ठेवून झोपवू नका. साधारण सहाव्या महिन्यात खालचा पुढचा दात दिसेल. त्या दिवसापासून बाळाचा मऊ ब्रश आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. डेंटिस्टकडे त्याची पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत करून टाका.